आजोबांची समाधी इटलीत कुठे शोधावी आणि तिथे गेल्यावर काय करावे

प्रश्न: आमचे आजोबा मराठा पलटणीत नाईक होते आणि १९४४ मध्ये इटलीत कामी आले. तेव्हा माझे वडील एका वर्षाचे होते. आज ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. घरात सहा टोकांचा एक धातूचा तारा आणि इंग्रजीतला एक जीर्ण कागद एवढेच उरले आहे. आजोबांचे चुलते पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले आणि परतले नाहीत, असेही घरात सांगतात. येत्या मे महिन्यात वडिलांना घेऊन आम्ही इटलीला जाणार आहोत. आजोबांची समाधी कुठे सापडेल? तिथे काही विधी करता येतील का? गावची माती नेता येईल का?

उत्तर: गेली बावीस वर्षे मी महाराष्ट्रातल्या कुटुंबांना परदेशातील युद्धस्मारकांपर्यंत पोहोचवण्याचे काम करतो आहे आणि प्रत्येक घराला पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगत आलो आहे. समाधी शोधायला निघू नये, नाव शोधायला निघावे. आपण छायाचित्रांत पाहिलेल्या पांढऱ्या शिळांच्या रांगांमध्ये आजोबांची शिळा असेलच असे नाही. किंबहुना ती नसण्याचीच शक्यता अधिक आहे. हे तिथे पोहोचल्यावर कळले तर वृद्ध माणसाला फार मोठा धक्का बसतो. तो मी एकदा डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून हा विषय आधीच काढतो आहे.

कारण असे की हिंदू जवानाचा देह वेळेवर हाती आला तर पलटणीतले साथीदार त्याचे दहन करत आणि दहन झालेल्यांसाठी स्वतंत्र शिळा उभारण्याची पद्धत नव्हती. त्यांची नावे एका सामायिक दहनस्मारकावर कोरली गेली. देह सापडलाच नाही, किंवा सापडला पण ओळख पटली नाही, तर नाव बेपत्तांच्या स्मारकावर गेले. लढाईच्या धामधुमीत घाईने दफन करावे लागले आणि पुढे ओळख पटली, अशा तिसऱ्या प्रकारच्या जवानांनाच स्वतःची शिळा मिळाली. इटलीत ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून शेकडो किलोमीटरांवर असू शकतात, आणि ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला तीन ठिकाणी फिरवण्यापेक्षा एकाच, पण बरोबर ठिकाणी नेणे हेच आपले काम आहे.

ही व्यवस्था ज्या संस्थेकडे आहे, त्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाविषयी थोडे सांगायला हवे. ब्रिटिश राजसनदेने २१ मे १९१७ रोजी तो स्थापन झाला, तेव्हा त्याच्या नावात राष्ट्रकुलाऐवजी ‘इंपीरियल’ हा शब्द होता. नाव बदलले ते १९६० मध्ये. मृतदेह मायदेशी न्यायचे नाहीत, जिथे पडले तिथेच त्यांची स्मृती राखायची, आणि हुद्दा, वंश किंवा धर्म यांवरून भेद करायचा नाही, हे त्याचे मूळ धोरण. म्हणून कर्नलाची आणि शिपायाची शिळा सारखीच, साधारण ८१ सेंटिमीटर उंच आणि ३८ सेंटिमीटर रुंद असते. ‘आमच्या माणसाला परत का आणले नाही,’ असे पुष्कळ घरांत आजही कळवळून विचारले जाते. त्यांना मी सांगतो की इंग्लंडमधल्या आयांनाही त्यांची मुले परत मिळाली नाहीत. मात्र भेदाविषयीचे तत्त्व सगळीकडे पाळले गेले नाही. त्याविषयी आजोबांच्या चुलत्यांच्या संदर्भात पुढे लिहितो.

इटलीच्या मोहिमेत हिंदी सैन्याचे पावणेसहा हजारांच्या आसपास जवान मृत्युमुखी पडले. आपल्या आजोबांचा देह सापडला नसेल, तर त्यांचे नाव कॅसिनो स्मारकावर असेल. रोमच्या आग्नेयेला सुमारे १४० किलोमीटरांवर, मॉन्ते कॅसिनोच्या मठाच्या डोंगराखाली, कॅसिनो युद्धसमाधिस्थळात चार हजारांहून अधिक शिळा आहेत, आणि त्याच आवारात हिरव्या संगमरवराच्या उंच उभ्या पाट्यांवर, सिसिली आणि इटलीच्या मोहिमांत पडलेल्या परंतु ज्यांची समाधी ज्ञात नाही अशा चार हजारांहून अधिक जणांची नावे कोरलेली आहेत. हे स्मारक ३० सप्टेंबर १९५६ रोजी फील्ड मार्शल अलेक्झांडर यांच्या हस्ते अनावृत झाले. नाईक यशवंत घाडगे यांचे नाव याच पाट्यांवर आहे. रायगड जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, माणगाव तालुक्याचे हे बावीस वर्षांचे जवान ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल केली. आधी हातबॉम्ब टाकला, मग एकाला गोळी घातली आणि उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचे सर्वोच्च ब्रिटिश पदक मिळालेल्या या जवानाचीही समाधी सापडत नाही आणि त्याचे नाव इतरांच्याच आकाराच्या अक्षरांत कोरलेले आहे, हे आपल्या वडिलांना आधी सांगून ठेवावे. आपल्या बापाच्या बाबतीतच काही कमी राहिले, असे त्यांच्या मनात येणार नाही. ‘३/५’ म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. आपल्या कागदावर असा आकडा असेल तर तो सोन्याच्या मोलाचा आहे, कारण १/५ ही पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये आणि ३/५ दहाव्या डिव्हिजनमध्ये होती, आणि १९४४ च्या कोणत्या महिन्यात आजोबा इटलीत नेमके कुठे असतील ते त्यावरून बऱ्यापैकी ठरते.

दहन झाले असेल तर इटलीत तीन दहनस्मारके आहेत. एक अब्रुत्सो प्रांतात, तोरिनो दि सांग्रोजवळच्या सांग्रो नदी समाधिस्थळात. तिथे पाचशेहून अधिक हिंदी जवानांची नावे आहेत. दुसरे उत्तरेला फोर्ली गावच्या इंडियन आर्मी समाधिस्थळात असून तिथल्या नावांची संख्या सांग्रोपेक्षा जास्त आहे. तिसरे रिमिनीच्या गुरखा समाधिस्थळात आहे. स्वतःची शिळा मिळालेल्या हिंदू जवानांच्या शिळेवर वरच्या बाजूला देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ ही अक्षरे कोरलेली असतात. सगळीकडे रोमन लिपी असलेल्या त्या परक्या मुलखात ही अक्षरे अचानक समोर आली की माणसे उभ्या जागी गलबलतात. पण पाट्यांवरची नावे मात्र इंग्रजीतच आहेत. आपल्या वडिलांना इंग्रजी वाचता येत नसेल, तर त्यांच्या वडिलांचे नाव पाटीवर जसे कोरले आहे तसे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून महिनाभर आधी त्यांच्या हाती द्यावे. त्यामुळे तिथे गेल्यावर दुसऱ्या कोणी बोट दाखवण्याआधी ते स्वतः नाव ओळखू शकतील.

आता शोधाविषयी. आयोगाच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतील मृतांची नोंद पाहता येते. युद्ध, सैन्य, मृत्यूचे वर्ष आणि देश निवडून शोध आवरता घेता येतो. तिथे इंग्रजीत आडनाव टाकल्यावर काही निघाले नाही म्हणून नाउमेद होऊ नये. पलटणीच्या कारकुनाने ऐकले तसे लिहिले, म्हणून जाधवचे स्पेलिंग तीन प्रकारांनी सापडते आणि मोरे, म्होरे, मोरया यांची सरमिसळ झालेली दिसते. काही नोंदींत आडनावच नसते, केवळ नाव आणि वडिलांचे नाव असते. अशा वेळी मी आडनाव सोडून देतो आणि पूरक माहितीच्या रकान्यात गावाचे नाव शोधतो, कारण पुष्कळ नोंदींत ‘अमुकचा मुलगा, अमुक गाव, अमुक जिल्हा’ असे लिहिलेले असते. जिल्हा शोधताना तेव्हाचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवावा: रायगड तेव्हा कुलाबा होता, आजचा सिंधुदुर्ग पुष्कळसा रत्नागिरीत होता, वाळवा आणि तासगाव साताऱ्यात होते, आणि कोल्हापूर, सांगली, सावंतवाडी ही संस्थाने होती. वाळव्याच्या एका घराने तीन वर्षे ‘सांगली’ या शब्दावर शोध घेतला होता. ‘सातारा’ लिहिताच पाच मिनिटांत नोंद समोर आली.

नाव सापडले की थांबू नये. सैनिक क्रमांक जुळवावा. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. या कामाच्या सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाला मी सांग्रोला घेऊन गेलो. नाव तेच, हुद्दा तोच, पलटण तीच. त्या घरातल्या आजींनी पाटीला हात लावून डोळे मिटले. परत आल्यावर त्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत पेन्शनचा कागद निघाला आणि त्यावरचा क्रमांक वेगळा होता. त्यांचे यजमान फोर्लीच्या स्मारकावर होते. त्या आजी पुन्हा जाऊ शकल्या नाहीत. त्या दिवसापासून क्रमांक, मृत्यूची तारीख आणि वडिलांचे नाव या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय मी कोणाला तिकीट काढू देत नाही, आणि आपणही काढू नये.

हा क्रमांक मिळण्याची शक्यता आपल्या घरातच आहे. सहा टोकांचा तो तारा बहुधा इटली स्टार असावा. त्याच्या फितीचे रंग लाल, पांढरा आणि हिरवा असतात आणि मधोमध राजाचे आद्याक्षरचिन्ह असते. ताऱ्याच्या मागच्या बाजूला, किंवा सोबत गोल पदके असतील तर त्यांच्या कडेवर, क्रमांक आणि नाव कोरलेले आहे का ते भिंगातून पाहावे. पदक चिंच-मिठाने अथवा पितांबरीने घासू नये; अशा घासण्याने कोरीव अक्षरे कायमची गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. जीर्ण कागदाला लॅमिनेशन करू नये. त्याचे चांगले छायाचित्र घेऊन मूळ कागद जाड कागदाच्या पाकिटात सपाट ठेवावा. एवढे करूनही क्रमांक मिळाला नाही तर बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाला आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत लेखी अर्ज करावा. अर्जात नाते, गाव, भरतीचे अंदाजे वर्ष आणि आजीला पेन्शन कुठून मिळत असे ते आवर्जून लिहावे, कारण पेन्शनची नोंद सेवेच्या नोंदीपेक्षा अधिक काळ टिकून राहिल्याचा माझा अनुभव आहे. मे महिन्यात जायचे असेल तर अर्ज आजच करावा. आयोगाच्या नोंदीत स्पेलिंग किंवा गाव चुकले असेल, तर पुरावा जोडून दुरुस्तीची मागणीही करता येते, आणि ती अवश्य करावी.

आजोबांच्या चुलत्यांविषयी लिहिताना मन जड होते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या मराठी जवानांतले पुष्कळ जण सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर होते. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आजच्या इराकमधल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. त्याआधी उपासमारीने आणि रोगाने माणसे गेली. नंतर तुर्कांच्या कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या मजुरीत त्याहून अधिक गेली. अशा बेपत्तांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये स्मारक उभे राहिले, ज्यावर चाळीस हजारांहून अधिक जणांची स्मृती राखली आहे. पण त्या पाट्यांवर ब्रिटिश शिपायाचे नाव आहे आणि हिंदी शिपायाचे नाही. हिंदी पलटणींच्या बाबतीत अधिकाऱ्यांची नावे कोरून बाकीच्यांची केवळ संख्या दिलेली आहे. जिवंत असताना ज्यांना नाव, गाव, आई आणि घर होते, त्यांचा दगडावर आकडा झाला. आयोगानेच नेमलेल्या समितीच्या २०२१ च्या अहवालात हा अन्याय मान्य करण्यात आला. पहिल्या महायुद्धातील किमान एक लाख सोळा हजार मृतांचे, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतील, नावानिशी स्मरण झालेले नाही किंवा मुळीच झालेले नाही, असे तो अहवाल सांगतो आणि त्याबद्दल आयोगाने क्षमा मागितली आहे. क्षमेने नाव कोरले जात नाही, हे खरे. तरीही चुलत्यांचे नाव कागदोपत्री शिल्लक असण्याची चांगली शक्यता आहे, कारण बसरा स्मारकाच्या नोंदवह्यांत हिंदी शिपायांची नावे आहेत आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावरही शोधता येतात. बसऱ्याचे स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर हलवण्यात आले. तिथे वृद्धांना नेण्याचा विचार करू नये. नोंदीची छापील प्रत काढून देवघरात किंवा आजोबांच्या तसबिरीशेजारी ठेवावी, असे मी सुचवतो.

याच संदर्भात एक गैरसमज दूर करतो. पुष्कळ कुटुंबे अशा चुलत्यांचे नाव शोधायला दिल्लीच्या इंडिया गेटवर जातात आणि निराश होऊन परततात. १९३१ मध्ये पूर्ण झालेली ती कमान पहिल्या महायुद्धातील सत्तर हजार हिंदी मृतांच्या स्मरणार्थ असली, तरी तिच्यावर कोरलेली तेरा हजारांहून अधिक नावे मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. शेजारचे राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उद्घाटित झाले आणि त्याच्या त्यागचक्रातील ग्रॅनाइटच्या विटांवर स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची नावे आहेत. दोन्ही ठिकाणी अवश्य जावे, परंतु आपल्या घरातली ही दोन नावे तिथे मिळणार नाहीत.

जाण्याआधी वडिलांना पुण्यात खडकीच्या युद्धसमाधिस्थळात एकदा घेऊन जावे. तिथे दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक समाध्या आहेत, आणि भारत व पाकिस्तानातील ठिकठिकाणच्या कबरस्तानांत पुरलेल्या, पण जिथल्या कबरींची निगा राखणे पुढे शक्य राहिले नाही अशा पहिल्या महायुद्धातील अठराशेहून अधिक जणांचे स्मारकही आहे. तिथली बहुसंख्य नावे ब्रिटिश आहेत, तरीही या भेटीचा उपयोग मोठा होतो. शिळा कशी असते, नोंदवही कुठल्या कोनाड्यात असते, पाटीवर नावे आधी पलटणीप्रमाणे, मग हुद्द्याप्रमाणे आणि त्यानंतर वर्णानुक्रमे कशी लावलेली असतात, हे सारे कळते, आणि किती वेळ उभे राहवते याचाही अंदाज येतो. शिवाय कोणाची तरी मुले आपल्या मातीत झोपली आहेत आणि आपल्याच गावचे माळी त्यांच्याभोवतीचे गवत रोज कापत आहेत, हे पाहिलेला माणूस इटलीत गेल्यावर तिथल्या माळ्यांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. माझ्याबरोबर आलेल्या साताऱ्याच्या एका शेतकऱ्याने कॅसिनोच्या माळ्याचे दोन्ही हात हातांत घेतले होते. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती.

प्रवासाचे थोडक्यात सांगतो. कॅसिनोला रोमहून रेल्वेने साधारण दोन तासांत जाता येते आणि स्टेशनापासून टॅक्सी घ्यावी. फोर्ली हे बोलोन्या-रिमिनी मार्गावरचे स्टेशन आहे. सांग्रोसाठी मात्र मोटार ठरवावीच लागते, आणि ते समाधिस्थळ उतारावर असल्यामुळे चढउतार करावा लागतो. घडीचे स्टूल, पाणी, टोपी आणि वरच्या ओळी वाचण्यासाठी छोटी दुर्बीण सोबत घ्यावी. पाटीचा क्रमांक आयोगाच्या नोंदीत दिलेला असतो. तो फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे लिहून ठेवावा. नाव कॅसिनोला असेल आणि हाती दुसरा दिवस असेल, तर वर मठाजवळच्या पोलिश समाधिस्थळातही वडिलांना न्यावे. तिथे एक हजाराहून अधिक पोलिश सैनिक आहेत. जनरल आंदेर्स यांच्या ज्या सैन्याने १८ मे १९४४ रोजी तो डोंगर जिंकला, त्यातल्या अनेकांच्या बायकामुलांसारखीच सैबेरियातून सुटून आलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे त्या वेळी कोल्हापूरजवळ वळीवड्याच्या छावणीत राहत होती. आमची माणसे त्यांच्या शेजारी लढत होती आणि त्यांची माणसे आमच्या पंचगंगेचे पाणी पीत होती, ही गोष्ट मी प्रत्येक मराठी कुटुंबाला तिथेच, त्या डोंगरावर उभे राहून सांगतो. आजोबा ३/५ पलटणीचे निघाले आणि वडिलांच्या अंगात त्राण असेल, तर उंब्रियातले मोन्तोने हे गावही पाहण्यासारखे आहे. तिथे २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभारण्यात आले आहे.

आता मातीविषयी. ती नेऊ नये. युरोपीय संघाच्या बाहेरून माती आणायला वनस्पतिरोगांच्या भीतीने तिथे बंदी आहे, आणि तिथली माती भारतात आणायलाही आपल्याकडे मनाई आहे. विमानतळावर पुडी काढून घेतली जाते तेव्हा घरच्यांना तो अपमान वाटतो. तो प्रसंग टाळावा. त्याऐवजी गावच्या नदीचे किंवा विहिरीचे पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीतून मोठ्या सामानात न्यावे आणि स्मारकाजवळच्या झाडाच्या मुळाशी किंवा हिरवळीवर सोडावे. फुले तिथेच विकत घ्यावीत. इटलीत शेवंती हे मृतांचे फूल मानले जाते. आपल्याकडे दसऱ्याला दाराला लागणारी शेवंती तिथे समाधीवर वाहतात, म्हणून स्मारकावर ती अगदी योग्य आहे, परंतु कोणा इटालियन यजमानाच्या घरी ती चुकूनही नेऊ नये. दगडावर हळद-कुंकू, तेल, दूध किंवा नारळाचे पाणी पडू देऊ नये, कारण त्यांचे डाग दगडात मुरतात आणि शेजारच्या अनोळखी नावावरही ओघळतात. कुंकू लावायचेच असेल तर ते सोबतच्या तसबिरीला लावावे. निरांजन दगडावर ठेवू नये. उदबत्ती मातीत खोचावी. गवत वाळलेले असेल तर तीही टाळावी. चपला काढाव्यात का, असे पुष्कळ जण विचारतात. तिथे तशी रीत नाही, पण आपल्या वडिलांना काढाव्याशा वाटल्या तर कोणी अडवणार नाही. शिळांच्या पायाशी फुलझाडांची अरुंद पट्टी असते, तिच्यावर पाय पडणार नाही एवढी काळजी सर्वांनी घ्यावी.

श्राद्धविधी स्मारकाच्या आवारात न करता दोन भागांत करावा, असे माझे मत आहे. तर्पण नदीवर करावे: कॅसिनोजवळून गारी नदी वाहते, जी मे १९४४ मध्ये आठव्या भारतीय डिव्हिजनने तोफांच्या माऱ्यात ओलांडली, आणि सांग्रोच्या समाधिस्थळाखाली सांग्रो नदी आहे. श्राद्ध घरी परतल्यावर करावे. आयोगाच्या नोंदीत मृत्यूची तारीख असते. त्या वर्षीच्या पंचांगावरून गुरुजी तिथी काढून देतात. आजवर तिथी माहीत नसल्यामुळे आपल्या घरी सर्वपित्री अमावस्येला पान ठेवले जात असेल. परंतु शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी आपल्याकडे भाद्रपद वद्य चतुर्दशी राखून ठेवलेली आहे, याचीही गुरुजींना आठवण करून द्यावी. वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या वडिलांची नेमकी तिथी उच्चारणे, हे माझ्या दृष्टीने या साऱ्या खटाटोपाचे सर्वांत मोठे फळ आहे.

पाटीसमोर पोहोचल्यावर घाई करू नये. नाव दाखवून लगेच छायाचित्र काढायला सांगू नये. आधी कॅमेरा पिशवीत ठेवून वडिलांना एकटे सोडावे आणि घरच्यांनी दहा पावले मागे थांबावे. त्यांना बोलायचे असेल, तर मोठ्याने बोलू द्यावे. एका वृद्ध गृहस्थांनी पाटीसमोर उभे राहून घरातल्या सगळ्या लग्नांची, विकलेल्या आणि घेतलेल्या जमिनींची, आईच्या शेवटच्या आजारपणाची हकिगत वडिलांना तासभर सांगितली होती. छायाचित्र नंतर, ऊन तिरपे असताना घ्यावे, म्हणजे कोरीव अक्षरांत सावली भरते आणि नाव स्पष्ट उमटते. त्यासाठी अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नये. निघताना आवारातली अभ्यागतांची वही मागून घ्यावी. तिच्यात वडिलांनी स्वतःच्या हाताने, मराठीत, आजोबांचे पूर्ण नाव, गाव, तालुका आणि ‘मुलगा आला होता’ एवढे लिहावे, आणि खाली तारीख घालावी.